मखमलच्या खुर्चीतली झोप

गळ्यावर उघडं पातं टेकलेलं असताना माणूस घोरायला लागतो, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. पण मखमलच्या खुर्चीत हे रोज घडायचं. बायकोशी भांडून आलेली, साहेबाची बोलणी खाऊन आलेली, चांगली धडधाकट माणसं त्या खुर्चीत बसायची, मान मागे टाकायची, तोंडावर गरम टॉवेल पडला की एक लांब सुस्कारा सोडायची आणि फेस लावून होईस्तोवर चक्क झोपी जायची. दाढी उरकली की मखमल त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा आणि हळूच म्हणायचा, "झालं, साहेब." मग ती डोळे चोळत उठायची, आरशात गाल फुगवून बघायची आणि खुशीत निघून जायची.

त्याचं खरं नाव घरच्यांना सोडून कुणाच्या लक्षात नव्हतं. मखमल हे नाव हेडमास्तरांनी ठेवलेलं. हे हेडमास्तर म्हणजे जवळच्या शाळेचे, वर्गात पाऊल टाकलं की पोरांची पाचावर धारण बसावी असे. पण दर रविवारी सकाळी ते मखमलच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून असे काही घोरायचे की बाकावर बसलेली गिऱ्हाइकं एकमेकांना कोपरं मारायची. एकदा झोपेतून उठल्यावर गालावरून हात फिरवत ते म्हणाले, "हात आहे की मखमल?" झालं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मखमल तसा मुलखाचा अबोल. शेखी मिरवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पण एका गोष्टीचा त्याला मनातल्या मनात भारी अभिमान होता, आणि ती म्हणजे ही झोप. कुणी कौतुक केलं तर तो मान खाली घालायचा, कुणी बक्षिशी दिली तर खिशात टाकून विसरायचा. गिऱ्हाईक झोपलं की मात्र त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं की बघणाऱ्याला वाटावं, यानं आत्ताच एखादं तान्हं मूल थोपटून निजवलंय.

दुकान दोघा भावांचं, म्हणजे म्हणायला दोघांचं. चालायचं थोरल्याचं, दादाचं. खिडकीजवळची खुर्ची वस्तऱ्याची, ती मखमलची. आतली खुर्ची कात्रीची, ती दादाची. सगळ्यात मागे डोकी धुवायचं बेसिन. दादा बोलका, हुशार, गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याच्या घरच्या मांजरापर्यंत सगळ्यांची चौकशी करणारा. आणि काटकसरी. काटकसरी म्हणजे किती, तर दुकानाला नवं काचेचं दार बसवायचं ठरलं तेव्हा सुताराला म्हणाला, "जाड काच कशाला? आपल्याकडे काय हत्ती येणार आहेत?"

हत्ती आले नाहीत. पण मखमलला पुसण्याचं वेड होतं. आरसा असो, बेसिन असो, खुर्चीचा हात असो, फडकं हातात आलं की तो थांबायचा नाही. नवं दार बसलं त्या सकाळी तो कागदाचा बोळा घेऊन दाराला भिडला आणि त्यानं ती काच इतकी लख्ख केली की दार आहे की नाही तेच कळेना. मग मागे जाऊन धुतलेल्या टॉवेलांची परडी उचलली, उन्हात घालायला म्हणून निघाला, आणि स्वतःच पुसलेल्या काचेतून आरपार बाहेर गेला.

टाके पडले. कानाच्या पाळीखालून निघालेली जखम गालावरून तिरपी उतरत ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबली होती. डोळा वाचला, नस वाचली, सगळ्यांच्या जिवात जीव आला. दादानं त्याच दिवशी जाड काच बसवून घेतली आणि त्यावर लाल पट्टी चिकटवली. त्या पातळ काचेबद्दल मात्र तो पुढे कधी एक अक्षर बोलला नाही. मखमलनंही विषय काढला नाही.

खरा घोटाळा पुढे झाला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता. जन्मभर दाढ्या करणाऱ्याच्या हातूनच व्हायचा. टाके काढताना दवाखान्यात बजावून सांगितलं होतं की हे मलम लावा आणि बाकी काही करू नका. पण मखमलचा हात गप्प बसेल तर ना. दाढी करताना कुणाला टिचभर लागलं की तुरटीचा खडा फिरवायचा आणि वर लोशनचा हात मारायचा, हे तो समज आल्यापासून करत आलेला. जगात जखमेवर तुरटीपेक्षा मोठं औषध आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. शिवाय दाढी वाढवून दुकानात उभं राहायचं म्हणजे हलवायानं उपाशी तोंडानं मिठाई विकण्यासारखं. तेव्हा खपली पडते न पडते तोच तो रोज सकाळी त्या कोवळ्या कातडीवरून पातं फिरवायला लागला, मग तुरटी रगडायला लागला, मग लोशन. चुरचुरलं की मनाशी म्हणायचा, लागू पडतंय.

कसलं लागू पडतंय. व्रण बसायचा सोडून उठायला लागला. आधी लाल झाला, मग जाड झाला, मग एखादी सुतळी कातडीखाली शिवून टाकावी तसा गालावर उभा राहिला. खाज सुटायची ती वेगळीच.

आता बघा, शिक्षकाच्या गालावर व्रण आला तर लोक हळहळतात. शिपायाच्या गालावर आला तर घाबरतात. पण दाढी करणाऱ्याच्या गालावर कानापासून ओठापर्यंत लालभडक रेघ असली की माणसाच्या मनात एकच विचार येतो. मखमल दाराची गोष्ट खरी खरी सांगायचा आणि ऐकणारा मान डोलवायचा. पण त्याची नजर मखमलच्या गालावरून निघून त्याच्या हातातल्या वस्तऱ्यावर जायची आणि तिथेच थांबायची.

पहिल्या रविवारी हेडमास्तर नेहमीसारखे येऊन बसले. टॉवेल झाला, फेस झाला. मखमलनं पातं लावलं आणि आरशात पाहिलं, तर सरांचे डोळे टक्क उघडे. त्यांचा कंठमणी खाली-वर होत होता. मखमलच्या हाताखाली सरांचा गाल दगडासारखा कडक झाला होता, आणि ताणलेल्या गालावर पातं कधी नीट चालत नाही. हनुवटीखाली जरासं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रक्ताचा एक ठिपका, बस्स, पण दोघांनीही तो पाहिला.

पुढच्या रविवारी सर आले ते दादाच्या खुर्चीपाशी. "आज जरा घाई आहे," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून आपल्या पाळीची वाट बघत बराच वेळ बसून राहिले. मखमलची खुर्ची समोर रिकामी होती.

एक सर गेले, मागून बाकीचे गेले. शेवटी एका संध्याकाळी दुकान आवरताना दादा म्हणाला, "हे बघ, माझ्यावर रागावू नकोस."

"रागावत नाही. बोल."

"काही दिवस तू डोकी धुवायचं बघ. खिडकीपाशी मी उभा राहतो. चेहरा जरा निवळू दे."

"आणि वस्तरा?"

"माझ्या खणात राहू दे."

मखमलनं पातं काढून टाकलं, वस्तऱ्याची मूठ धुतली, पुसली, पुन्हा पुसली आणि दादाच्या हातात दिली. दादानं ती खणात ठेवली. घरी येताना मखमलला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं.

मग सुरू झाले उपाय. आधी त्यानं दाढी वाढवली. दाढी छान दाट आली, पण व्रणावर काही केस उगवेनात, त्यामुळे गालावर कुरणातून रस्ता काढावा तशी रेघ उलट जास्तच उठून दिसायला लागली. मग ती काढून बायकोची पावडर चोपडली. ती एका गिऱ्हाइकाचं डोकं धुताना घामानं ओघळून त्याच्या काळ्या कोटावर पडली, आणि तो भला माणूस घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं विचारलं असेल ते असेल. मग कुणी सांगितलं कांद्याचा रस, कुणी सांगितली दातांची पेस्ट, कुणी एक हिरवं तेल आणून दिलं ज्याच्या वासानं शेजारचं कुत्रं मखमलला बघून रस्ता बदलायला लागलं. आणि तुरटी चालूच.

मखमलची बायको कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. शाई, तेल, गंज, जे काही कपड्याला लागेल ते काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एका सकाळी तो आरशासमोर तुरटी रगडत होता आणि ती मागे येऊन उभी राहिली.

"अहो, हे रोज करता?"

"मग? करायलाच हवं."

"आमच्याकडे नवी पोरगी आली की पहिल्यांदा हेच करते. रगडते. मग डाग राहतो आणि कापड जातं." तिनं त्याच्या हातातून खडा काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. "चला. मी आज सुट्टी घेतलीय. कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावलाय."

"मी येत नाही."

"येऊ नका. मी एकटी जाते आणि त्यांना सांगते की नवरा घाबरला."

तो मुकाट्यानं चपला घालून निघाला.

डॉक्टरबाई वयानं लहान पण जिभेनं तिखट होत्या. त्यांनी व्रण अंगठ्यानं दाबून बघितला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलवून बघितला आणि विचारलं, "यावर काय काय लावलंत?"

बायकोनं पिशवीतून तुरटीचा खडा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे रोज सकाळी पात्यानं खरवडायचं आणि वर हे चोळायचं. अहो, शरीर बिचारं जखम भरायला बघतंय आणि तुम्ही रोज त्याला सांगताय की काम अजून संपलेलं नाही, आणखी भर घाल. मग त्यानं घातली."

"जाईल का हो हा?" मखमलनं विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक आला की त्याला स्वतःलाच लाज वाटली.

"जाणार नाही," त्या सरळ म्हणाल्या. "खोडरबर कुणाकडेच नाही, आणि कुणी आहे म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. पण निवळेल. बसेल, फिका होईल, मऊ होईल. हा जखमेच्या हद्दीबाहेर पसरलेला नाही, ही तुमच्या नशिबातली चांगली गोष्ट."

मग त्यांनी एकेक उपाय समजावून सांगितला. सिलिकॉनची पातळ पट्टी मिळते, ती व्रणावर चिकटवून जितका जास्त वेळ ठेवता येईल तितकी ठेवायची, घरी असताना आणि झोपताना तर ठेवायचीच. व्रण फार जाड झालाय, म्हणून त्याच्या आतच इंजेक्शनं द्यावी लागतील, काही आठवडे सोडून पुन्हा, बघत बघत. दुखेल. लाली हटली नाही तर पुढे लेझर आहे. व्रण कापून नव्यानं शिवताही येतो, पण आत्ता नाही, कारण ज्या कातडीनं एकदा अशी भर घातली ती पुन्हाही घालू शकते. ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर रंग कायमचा काळवंडतो. आणि रोज मालीश, बोटाच्या टोकानं, दाबून पण न घासता.

"तेवढं जमेल ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "हाताचं काम आहे."

"जमेल," बायको म्हणाली. "बाकी काही नाही, पण हात आहे त्यांना."

पहिल्या इंजेक्शनला मखमलनं ओठ दातांखाली धरला, दुसऱ्याला बायकोचा हात इतका आवळला की तिनं तिसऱ्याच्या वेळी त्याच्या हातात स्वतःची पर्स दिली. रात्री पट्टी लावून झोपला की ती म्हणायची, "पाकिटाला तिकीट लावलं. आता कुठे पाठवू?" तो हसायला लागायचा आणि पट्टी सुटायची, मग पुन्हा लावायची. छत्री घेऊन तो भर उन्हाळ्यात दुकानाला जायला लागला. गल्लीतली पोरं हसली, हसू दे म्हणाला.

मालीश मात्र त्याला मनापासून आवडायला लागली. हजारो गाल त्याच्या बोटांखालून गेले होते, पण स्वतःचा गाल असा त्यानं कधी चाचपला नव्हता. व्रणाची कातडी साध्या कातडीसारखी वागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. ती एका बाजूला सरकते, दुसऱ्या बाजूला हटून बसते. मधे एक जागा अशी, की तिथे बोट लावलं काय आणि न लावलं काय, कळतच नाही. एकदा टॉवेल जरा जास्त गरम होता तर सगळा गाल पोळला, आणि व्रणाला पत्ताच नाही. ताणली की ती फटकन मागे येते, पण अंगठा ठेवून थोडं थांबलं की हळूहळू ऐकते. हे सगळं तो कुणाला सांगत नव्हता, सांगणार कुणाला, पण त्याच्या हातांनी ते शिकून घेतलं.

ऋतू बदलले. सुतळी दोरा झाली, दोऱ्याची रेघ झाली. लालचा गुलाबी झाला, गुलाबीचा जवळजवळ कातडीचा रंग झाला. परका माणूस बोलायला लागला की आधी डोळे बघायचा आणि मग कधीतरी गाल. डॉक्टरबाई म्हणाल्या, लेझरची काही गरज नाही. त्या संध्याकाळी बायकोनं त्याच्या हनुवटीला धरून उजेडाकडे चेहरा फिरवला आणि बराच वेळ बघत राहिली. "हुशार आहेत बाई," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. मखमलला काय करावं कळेना, त्यानं तिचीच पर्स तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तो छाती काढून दादासमोर उभा राहिला. "आता?"

दादानं चेहरा नीट निरखला. त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण मग तो खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "मी नको म्हणत नाही. पण लोकांना माझी सवय झालीय रे. कुणी तुला मागितलं की लगेच देतो."

कुणी मागितलं नाही. व्रण निवळला तरी लोकांच्या डोळ्यांतून गेला नव्हता. हेडमास्तर दर रविवारी यायचे, मखमलला "काय, बरं आहे ना?" म्हणायचे आणि दादाच्या हाताखाली डोळे उघडे ठेवून दाढी करून घ्यायचे. दादाचा हात वाईट नव्हता. पण त्याच्या खुर्चीत कुणी झोपत नव्हतं, हे मखमल बेसिनपाशी उभा राहून रोज बघत होता. त्याला वाटायला लागलं, आपण सगळं केलं, सगळं सोसलं, आणि आता उरलेला जन्म दुसऱ्यांच्या डोक्यांवर पाणी ओतण्यात जाणार. वस्तरा नाही तर मखमल कसला? नाव टाकून द्यावं सरळ.

आणि अशाच एका रविवारी बंबवाला आला.

उंचापुरा, खांदे दारात मावत नाहीत असा, आणि उकाड्यातही गळ्याला मफलर. बाकावर हेडमास्तर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, त्यांना म्हणाला, "मी आधी बसलो तर चालेल का? उद्या सकाळी माझी चाचणी आहे." सरांनी मान हलवली. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि त्यानं मफलर सोडला.

दादाचा हात तिथेच थांबला. डाव्या कानापासून जबड्यावरून खाली गळ्यापर्यंत भाजल्याचे व्रण होते. कुठे चकचकीत, कुठे सुरकुतलेले, कुठे वळ्या पडलेल्या, आणि त्या वळ्यांमधून दाढीचे पुंजके वाटेल त्या दिशेनं उगवलेले.

"आग विझवणाऱ्या दलात आहे मी," तो म्हणाला. "मागच्या वर्षी हे झालं. जखमा भरल्या, डॉक्टर म्हणतात फिट आहे. पण धुरात शिरताना तोंडावर हवेचा मास्क लावावा लागतो आणि दाढी असली की तो बसत नाही, कडेनं गळतो. उद्या बसला नाही तर मला कायमचं ऑफिसात टेबलावर बसवणार आहेत. घरी करायला गेलो, तर इथे कळतच नाही पातं कुठे लागलं ते. रक्त बघितल्यावर कळतं. दोन दुकानांत विचारलं, त्यांनी हात जोडले."

दादा खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं ब्रश खाली ठेवला. "भाऊ, मला माफ करा. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

बंबवाल्यानं मफलर उचलला. त्याला याची सवय असावी. मग जरा अडखळून म्हणाला, "पण कातडीच्या डॉक्टरबाईंनी इथलाच पत्ता दिला होता. म्हणाल्या, तिथे एक जण आहे, त्याला सोसून सोसून व्रणांची अक्कल आलीय."

दादानं मागे वळून पाहिलं. मखमल बेसिनपाशी ओल्या हातांनी उभा होता. मग दादानं खण उघडला, वस्तऱ्याची मूठ काढली, त्यात स्वतःच्या हातानं नवं पातं बसवलं आणि ती मखमलपुढे धरली. "घे," तो म्हणाला.

मखमलनं हात कोरडे केले, पुन्हा कोरडे केले आणि वस्तरा घेतला. तो खुर्चीमागे गेला आणि आरशात दोघांचे चेहरे एकावर एक दिसले. बंबवाला आरशात त्याच्या गालावरची रेघ बघत होता.

"तुम्हाला कशानं झालं?"

"दारानं."

बंबवाल्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. "दार म्हणजे दार? उघडायचं-लावायचं?"

"लावलेलंच होतं. मीच उघडलं नाही."

बंबवाला हसला. हसताना त्याच्या जबड्याची डावी बाजू कशी ओढली जाते ते मखमलनं पाहून घेतलं.

आधी त्यानं कात्रीनं पुंजके उतरवले, मग मशीन फिरवलं. टॉवेल स्वतःच्या मनगटावर धरून बघितला, झटकून निववला, पुन्हा बघितला, आणि मगच गालावर ठेवला. फेस भरपूर घेतला, पण ब्रश दाबला नाही. मग अंगठा वळीच्या वरच्या बाजूला ठेवला आणि थांबला. बाकावरच्या हेडमास्तरांना वाटलं, हा घाबरला. तो घाबरला नव्हता, कातडी ऐकायची वाट बघत होता. ती जरा सैल झाली तशी त्यानं पातं टेकवलं आणि केसाच्या कलानं बोटभर ओढलं. पुसलं. पुन्हा अंगठा, पुन्हा थांबणं, पुन्हा बोटभर.

बंबवाल्यानं खुर्चीचे हात गच्च धरले होते. "आगीत जाताना अशी भीती वाटत नाही?" मखमलनं हळू आवाजात विचारलं.

"तिथे तोंडावर मास्क असतो," बंबवाला म्हणाला.

"मग उद्या घालाच. आता बोलू नका, ओठापाशी आलोय."

पंख्याचा तेवढा आवाज होता. दादा पाणी बदलून आणून देत होता, टॉवेल पिळून देत होता, जन्मात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून. मखमलला ना दादा दिसत होता ना सर. पुढची वळी, तिच्यामागची खाच, खाचेतले उलटे केस, इतकंच जग होतं. आणि किती वेळानं कुणास ठाऊक, त्याच्या लक्षात आलं की अंगठ्याखालची मान जड झालीय. खुर्चीच्या हातावरची बोटं सुटलीत. त्यानं आरशात पाहिलं.

बंबवाल्याचे डोळे मिटलेले होते. तोंड जरासं उघडं पडलं होतं. मग एक बारीक घोरणं आलं, थांबलं, आणि मग चांगलं दणदणीत आलं.

मखमलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं ते बाहीला पुसलं, कारण समोरचं काम स्पष्ट दिसायला हवं होतं, आणि पुढे सुरुवात केली. बाकावर हेडमास्तरांचं वर्तमानपत्र केव्हाच गुडघ्यावर आलं होतं.

दाढी झाली. कुठेही रक्ताचा टिपूस नाही. गार पाणी, मग साधी मऊ क्रीम. दोन बोटं खांद्यावर. "झालं, साहेब." बंबवाला दचकून उठला, आरशात बघितलं, आणि डावा गाल चाचपत बसला.

"तुरटी नाही लावत?" त्यानं विचारलं.

"तिचं नाव काढू नका," मखमल म्हणाला.

तो गेल्यावर दादानं आपल्या खुर्चीवरचं कापड झटकलं. "या सर, बसा. बराच उशीर झाला तुम्हाला. तुम्हाला घाई असते."

हेडमास्तर उठले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि मखमलकडे बघत म्हणाले, "मला कसली घाई? याला चहा पिऊ दे आधी. मी थांबतो."

त्या दिवशी सर झोपले नाहीत, खोटं कशाला सांगा. पण त्यांचा कंठमणी जागच्या जागी राहिला, आणि गाल मऊ होता.

आठवडाभर मखमलचा जीव टांगणीला लागला. चाचणीचं काय झालं, मास्क बसला की गळला, काही कळेना. कुठे लांब बंबाची घंटा वाजली की तो पातं उचलून धरायचा आणि कान द्यायचा. खिडकीजवळ गिऱ्हाइकं मात्र यायला लागली होती. एक आलं, दोन आली, आणि दादा काही न बोलता आपल्या कात्रीच्या खुर्चीकडे सरकला. बायको रोज घरी विचारायची, "कळलं?" तो नाही म्हणून मान हलवायचा. "कळेल हो," ती म्हणायची आणि मग स्वतःच झोपेत कूस बदलत राहायची.

पुढच्या रविवारी हेडमास्तर आले ते थेट खिडकीजवळ. टॉवेल पडला, सुस्कारा सुटला. फेस लागता लागता त्यांची मान कलली. हनुवटीखाली पोचेपर्यंत सरांनी असा काही सूर लावला की बाकावर कोपरं चालू झाली. दादानं तोंडाला रुमाल लावला.

तेवढ्यात दारात लालभडक बंब येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजला. खिडकी थरथरली. गाडीतून बंबवाला उतरला, अंगात जाड कोट, पायात गुडघ्याएवढे बूट, हातात मास्क. त्यानं काचेतून आत पाहिलं, मास्क तोंडाला लावला, पट्टे ओढले, हवा यायची नळी तळहातानं बंद केली आणि जोरानं श्वास ओढला. मास्क गालाला घट्ट चिकटला, कडेनं कुठेही सुटला नाही. तो तसाच उभा राहिला, छाती फुगवून, दोन्ही हात वर करून, आणि गाडीतल्या सोबत्यांनी आणखी एकदा भोंगा दिला.

दादानं धावत जाऊन दार उघडलं. बंबवाल्यानं मास्क काढला आणि ओरडून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मखमलनं एका हातात वस्तरा धरून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि खुर्चीकडे मान केली.

बंबवाल्यानं खाली पाहिलं, आणि एवढाले बूट उचलत, पावलांचा आवाज न करता, तो बाकावर जाऊन बसला. गिऱ्हाईक झोपलं होतं.